स्लाइड जड जातेय? तेलाची बाटली आधी खाली ठेवा

मे अखेरीस लग्नांचा मोसम आटपतो, ट्रॉम्बोनचा बाजा पेटीत जातो, आणि पुन्हा बाहेर निघतो तो गणपतीला आठ दिवस उरलेले असताना. मधले तीन महिने कोकणातला पाऊस. रत्नागिरी असो, मालवण असो की वसईचा किनारा, दर वर्षी त्याच सुमारास तीच तक्रार कानावर येते. ट्रॉम्बोनची स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकवून सूर बदलायची लांब नळी, जड जातेय, तेल घातलं तरी सुटत नाही. यातलं ‘तेल घातलं तरी’ हेच बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ निघतं. क्वचित वाजणाऱ्या स्लाइडला तेल कमी पडलेलं नसतं, जुनं तेल आत साठलेलं असतं.

पुढचं सगळं साध्या टेनर ट्रॉम्बोनच्या सरकत्या स्लाइडबद्दल आहे. पथकात पिस्टनवाला ट्रॉम्बोन असेल तर त्याचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

लक्षणं

‘स्लाइड जड झाली’ एवढ्यावरून काही कळत नाही. कुठे अडते, कधी अडते आणि हाताला कसं लागतं, ते आधी बघा.

पहिल्या पोझिशनमधून, म्हणजे स्लाइड पूर्ण आत असतानाच्या जागेवरून, हलतच नसेल, किंवा तिथे चिकटते पण एकदा सुटली की पुढे ठीक जाते, तर कुलपाची कडी किंवा आतली बुचं बघायची. बाकी नळ्यांना हात लावायचं कारण नाही.

सगळीकडे सारखीच जड, काकवीत बुडवल्यासारखी, म्हणजे जुनं वंगण. सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात सहज बरा होणारा प्रकार हाच.

पहिली दहा मिनिटं छान आणि मग हळूहळू ओढायला लागते, तर वंगणावर मारलेलं पाणी सुकतंय किंवा वंगणाचं क्रीम जास्त झालंय.

हाताला खरखर लागते, कान जवळ नेला तर ऐकूही येते. आत कचकच गेलीय, नाहीतर मुलामा उडालाय. पहिलं असेल तर घरी निघतं, दुसरं नाही.

दर वेळी नेमक्या त्याच जागी अडते, म्हणजे पोचा. जवळ हलकी आणि सहाव्या-सातव्या पोझिशनला जड, किंवा नेमकं उलट, म्हणजे नळ्या एकमेकींना समांतर राहिलेल्या नाहीत.

स्लाइड छान हलते पण खालचे सूर फुसके निघतात, तर कुठूनतरी हवा जातेय. दोष सरकण्यात नाही. तरी लोक यावरही तेलच घालतात.

आत काय चाललेलं असतं

स्लाइडमध्ये चार सरळ नळ्या असतात. दोन आतल्या, जागच्या जागी राहणाऱ्या. त्यांच्यावरून सरकणाऱ्या दोन बाहेरच्या, टोकाला कमानीने जोडलेल्या. आतली नळी बाहेरच्या नळीला पूर्ण लांबीभर टेकत नाही. तिच्या टोकाचा चार-पाच इंचांचा भाग किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात, आणि घासतो तो तेवढाच. स्टॉकिंग आणि बाहेरची नळी यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या हिशेबातली. तेवढ्यात वंगण, तोंडातून गेलेलं पाणी आणि हवेतून आलेलं मीठ, सगळ्यांची दाटी होते.

वाजवून ठेवून दिलं की आतलं पाणी उडून जातं, मागे राहतो वंगणातला मेणकट भाग आणि थुंकीतला चिकटा. रोज वाजणाऱ्या बाज्यात हा थर बसायच्या आधीच पुसला जातो. दोन-तीन महिने पडून राहिलेल्या बाज्यात तो वाळून घट्ट होतो. वरून नवीन तेल घातलं की तो अर्धवट मऊ होतो, थोडा वेळ बरं वाटतं, आणि मग दोन्ही मिळून पहिल्यापेक्षा जाड चिकटा तयार होतो.

किनाऱ्यावर यात मिठाची भर. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक काळ त्याच्या वरच असते. म्हणजे नळीवर बसलेला खारा थर पावसाळाभर वाळतच नाही. आतल्या नळीवरचा क्रोमचा मुलामा स्वतः गंजत नाही, पण त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खारं पाणी तिथून खालच्या धातूला लागतं आणि बारीक खड्डे पडतात. बाहेरची नळी बहुधा आतून उघडं पितळच. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसंच इथे थुंकीने होतं. हिरवा जंगाल धरतो. स्वस्तातल्या बाज्यांत मुलामा पातळ असतो, तिथे हे सगळं लवकर होतं.

१. कुलूप आणि बुचं

दोन मिनिटांचं काम आणि फुकट, म्हणून आधी हेच. माउथपीसजवळची कुलपाची कडी नीट फिरतेय का बघा. कडीच्या आत हिरवट पूड साचली की ती अर्धीच उघडते, आणि वाजवणारा ‘स्लाइड जाम झाली’ म्हणून जोर लावत बसतो. कडीच्या कडेला मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, रबरी हातमोजा घालून बोटांनी फिरवा. पक्कड लावायची नाही. कडी पितळेची असते, दाबली की गोल राहत नाही आणि मग कायमचीच अडते.

कडी मोकळी असूनही पहिल्या पोझिशनला चिकटत असेल तर आतल्या नळ्यांच्या मुळाशी, बाहेरची नळी जाऊन टेकते त्या वाटीत बघा. तिथे बूच किंवा फेल्टची चकती असते. वरून घातलेलं जास्तीचं तेल तिथेच साठतं. कान साफ करायच्या काडीने आत फिरवा, काळं चिकट निघेल. कोरड्या काड्यांनी ते काढा, मग साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या एका काडीने, मग परत कोरड्या. बूच ओलीने फुगलं असेल तर रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी बघा. बुचाचे तुकडे निघत असतील तर ते बदलायचं काम कारागिराचं. तिथे किती जाडीचं बूच बसतं यावर पहिली पोझिशन ठरते.

२. याआधी काय घातलंय?

बाजा पथकाचा असेल तर विचारून घ्या, आपला असेल तर आठवा. कोकणात पहिलं उत्तर येतं, खोबरेल. घरात असतं, साफ दिसतं, हाताला गुळगुळीत लागतं, आणि स्लाइडसाठी त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. जानेवारीतल्या सकाळच्या मुहूर्ताला, अंगणात थंडी असताना, ते नळीत मेणासारखं होतं. आणि ओलीत राहिलं की खवट होतं. खवट तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याला लागली की हिरवा, साबणासारखा बुळबुळीत गाळ तयार होतो. बाहेरच्या नळीतून फडकं फिरवल्यावर ते हिरवं निघालं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच.

एरंडेल, गाडीचं ऑइल, सायकलचं ग्रीस ही या फटीसाठी फारच जाड. तिळाच्या किंवा गोड्या तेलाचं काय होतं ते बघायचं असेल तर न घासलेल्या समईच्या बुडाशी नख लावून बघा. पेट्रोलियम जेली ट्यूनिंग स्लाइडला (सूर जुळवायच्या छोट्या नळीला) चालते, कारण ती एका जागी राहायची असते. सरकत्या स्लाइडला नाही. ट्रंपेटच्या पिस्टनचं तेल पातळ असतं, अडीअडचणीला एखाद्या संध्याकाळपुरतं चालून जातं. पण आधी क्रीम लावलेल्या नळीवर ते घातलं तर दोन्ही फाटतात आणि गोळे होतात. जुनं काय होतं ते माहीत नसेल तर सरळ चौथ्या पायरीवर जा.

३. पाणी सोडायची चावी

खालचे सूर फुसके येणाऱ्यांनी ही आधी बघावी. कमानीवरच्या चावीखालचं छोटं बूच ओलीने कुजतं, स्प्रिंग गंजून सैल पडते. स्लाइड बाज्यापासून वेगळी काढा, घंटेकडच्या (बाज्याच्या रुंद तोंडाकडच्या) नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि माउथपीसमधून हळू फुंका. दुसऱ्या कोणीतरी चावीजवळ ओठ किंवा ओला गाल नेला की हवा लागते की नाही ते कळतं. बोटाने चावीचं बूच भोकावर दाबून धरल्यावर हवा थांबली तर स्प्रिंग गेलीय, तरीही येत असेल तर बूच. चावीला काही नाही आणि तरीही फुंकलेली हवा टिकत नसेल, तर नळ्या झिजल्यात किंवा कुठेतरी डाख सुटलाय. घरी सापडेल, पण घरी दुरुस्त होणार नाही.

४. धुणं

दहापैकी बहुतेक स्लाइड इथेच बऱ्या होतात, म्हणून ही पायरी घाई न करता करा. एक तास लागतो.

लागेल ते एवढंच. लांब प्लॅस्टिकचा टब, नाहीतर न्हाणीघराची फरशी आणि तिच्यावर जुनी गोधडी. गोधडी ऐच्छिक नाही. नळीचा पत्रा पातळ असतो, फरशीवर नुसती निसटली तरी पोचा पडतो. पाच लिटर कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊन लागेल इतपत. कढत पाण्याने लॅकर, म्हणजे बाहेरचा चकचकीत लेप, सुटतं. त्यात भांड्यांचं द्रवरूप साबण अर्धा चमचा. दोन्ही टोकांना ब्रश असलेली लवचीक तार, ती वाद्यांच्या दुकानात मिळते. स्लाइड साफ करायचा गज आणि मलमलीची किंवा जुन्या मऊ धोतराची पट्टी, साधारण दीड मीटर लांब आणि चार बोटं रुंद.

किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं. धुवायला ते चाललं तरी शेवटचं खळबळणं गोड्या पाण्याने करा, नाहीतर जे काढायचं तेच परत आत घालाल.

बाहेरची स्लाइड काढून साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग ब्रश दोन्ही बाजूंनी कमानीपर्यंत आणि कमानीतूनही फिरवा. पाणी ओता, कसं निघतं ते बघा. मिरवणुकीतल्या बाज्यातून पहिलं पाणी गुलाबी येतं. गुलाल वंगणाला चिकटून आत जातो आणि वंगणाबरोबर लुकण होऊन बसतो. जांभ्याची तांबडी धूळ आणि किनाऱ्यावर वाजवलेल्या बाज्यातली वाळू याहून वाईट, कारण ती घासते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करायचं.

आता गज. पट्टीचं टोक गजाच्या भोकातून ओवा, गजाच्या टोकावरून उलटं घ्या आणि पूर्ण गजाला तिरकी गुंडाळत मुठीपर्यंत आणा. कुठेही उघडा लोखंडी गज दिसता कामा नये, नळीच्या आत त्याचा एक ओरखडा म्हणजे कायमची खरखर. गज नळीत सहज जायला हवा. ढकलावा लागत असेल तर कापड जाड झालंय. कमान सुरू होते तिथे थांबा. कापड वळणात शिरलं तर तिथेच अडकतं, आणि ओढून काढताना कमानीचा डाख सुटतो. अडकलंच तर कापड सैल न होता आवळलं जाईल अशा दिशेने गज फिरवत हळूहळू मागे घ्या.

आणि कुठे धरायचं ते नीट लक्षात ठेवा. ज्या नळीत गज चालवताय तीच नळी मुठीत धरा. शेजारची नाही, कमान नाही, मधली आडवी पट्टी तर नाहीच. शेजारची नळी धरून गज रेटला की सगळा पीळ जोडांवर जातो आणि दोन नळ्यांची समांतर ओळ बिघडते. साफ करताना बिघडवलेल्या स्लाइडी आपोआप बिघडलेल्यांपेक्षा कमी नसतात.

आतल्या नळ्या वरून मऊ फडक्याने, आतून ब्रशने. साबणाने चिकटा जात नसेल तर फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त क्रोमवर फिरवा, लॅकरला लावू नका. जुने बँडवाले इथे रॉकेल वापरत. त्याने ग्रीस निघतं हे खरं, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो आणि वासही. वापरलंत तर पुन्हा साबणाने धुणं आलंच.

चिंच, आमसूल, लिंबू, राख, देवाची उपकरणी घासायची पावडर, यातलं काहीही स्लाइडला लावायचं नाही. नैवेद्याचं ताम्हन त्याने लखलखतं, कारण त्याचा वरचा थर निघून जातो. इथे तो वरचा थर म्हणजेच केसाएवढ्या फटीचं माप.

शेवटी कोरड्या पट्टीने गज फिरवा आणि तासभर सावलीत, पंख्याखाली ठेवा.

५. आधी पाणी, मग वंगण

धुतलेल्या आतल्या नळ्यांवर नुसत्या पाण्याचा फवारा मारून स्लाइड चढवा आणि दोन-चारदा हलवा. स्वच्छ आणि सरळ स्लाइड नुसत्या पाण्यावरही बऱ्यापैकी सरकते. पाण्यावर अडत असेल तर कुठलंही वंगण तिला बरं करणार नाही, पुढची पायरी गाठा. ही चाचणी बहुतेक जण सोडतात आणि मग तीन-तीन कंपन्यांच्या बाटल्या विकत घेत बसतात.

पाण्यावर ठीक असेल तर वंगण. ट्रॉम्बोटीन, सुपरस्लिक यांसारखी क्रीम, स्लाइड-ओ-मिक्स किंवा यामाहाचं स्लाइडचं वंगण, यातलं काहीही एक. दोन बाटल्यांचा प्रकार असेल तर क्रम बाटलीवर दिलेला असतो, तोच पाळायचा. काहीच मिळालं नाही तर पाँड्सचं कोल्ड क्रीम. जुन्या ट्रॉम्बोनवाल्यांची ही जगभर चाललेली रीत आहे. मात्र कोल्ड क्रीमच, अंगाला लावायचं पातळ लोशन नव्हे.

प्रमाण, दर नळीला उकड्या तांदळाच्या एका दाण्याएवढं. ते फक्त स्टॉकिंगवर, टोकाच्या चार-पाच इंचांत, बोटाने चोळून पसरवायचं. पांढरं दिसेनासं झालं पाहिजे. दिसत असेल तर जास्त झालंय, पुसा. स्लाइड चढवून पूर्ण लांबी आठ-दहा वेळा हलवा, परत काढा, स्टॉकिंगच्या वरच्या कडेला गोळा झालेलं क्रीम पुसून टाका. आता दोन्ही नळ्यांवर पाण्याचे दोन-तीन फवारे. नळीवर पाण्याचे बारीक मणी उभे राहिले की बेत जमला. त्या मण्यांवरच स्लाइड तरंगते. क्रीमचं काम पाणी धरून ठेवण्याचं.

फवाऱ्यासाठी डिस्टिल्ड वॉटर चांगलं. गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजमध्ये मिळतं तेच, पण बाटलीवर ‘डिस्टिल्ड वॉटर’ वाचूनच घ्या, शेजारी बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. मिरवणुकीत दर पंधरा-वीस मिनिटांनी एक फवारा. ‘दहा मिनिटांनी ओढायला लागते’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच जाते.

६. एकेक नळी वेगळी करून

धुऊन, वंगण लावूनही जड असेल तर दोष कुठल्या नळीत आहे ते शोधायचं. याला पैसे लागत नाहीत, पण घाणेरड्या स्लाइडवर ही चाचणी खोटं बोलते, म्हणून ती इतक्या उशिरा.

आधी दोन्ही नळ्या एकत्र. आतली स्लाइड उभी धरा, कमान खाली, कुलूप उघडं, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ कमानीच्या खाली. बाहेरची स्लाइड आपल्या वजनाने सावकाश, न अडखळता उतरली पाहिजे. कुठे थबकली ती जागा डोक्यात ठेवा.

आता बाहेरची स्लाइड काढा, अर्धी फिरवून कमानीची दुसरी नळी उलट्या बाजूला जाईल अशी धरा, आणि वरची, म्हणजे माउथपीसकडची, आतली नळी तिच्याच बाहेरच्या नळीत एकटी घाला. पुन्हा तीच उतरण. मग खालची, घंटेकडची, नळी तशीच.

एक नळी एकटीही अडते, तर तिच्यातच पोचा, खड्डा किंवा बाक आहे. दोन्ही एकट्या सुळकन जातात पण एकत्र अडतात, तर नळ्या चांगल्या आहेत, त्यांच्यातलं अंतर किंवा समांतरपणा बिघडलाय. कारागिराकडे जाताना एवढं एक वाक्य सांगता आलं तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

७. डोळ्याने आणि काचेवर

नळी खिडकीकडे धरून तिच्या लांबीवरून नजर फिरवा. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब नळीवर सरळ रेघेसारखं पडतं. जिथे ती रेघ वळवळते तिथे पोचा. तांदळाच्या दाण्याएवढाही पुरतो.

मग आतली स्लाइड टीपॉयच्या जाड काचेवर आडवी ठेवा. स्टॉकिंग जाड असल्याने नळ्यांचे मधले भाग काचेपासून किंचित वर राहतील, ते ठीक. पण दोन्ही स्टॉकिंग एकदम टेकले पाहिजेत. एका कोपऱ्यावर बोट ठेवल्यावर खाटेचा पाय आखूड असल्यासारखी डुगडुगली तर तिला पीळ बसलाय. बघून ठेवा, हाताने सरळ करू नका.

क्रोमवर पिवळा किंवा राखाडी पट्टा दिसत असेल, नखाला खड्डे लागत असतील, तर मुलामा गेलाय. बाहेरच्या नळीवर तांबूस डाग, मध्ये गडद ठिपका, आणि पुसून जात नाही, हे वेगळं. पितळेतलं जस्त निघून जाऊन पोकळ तांबं उरलेलं असतं, आणि ते आतून बाहेर आलेलं असतं. परत भरून येत नाही. बाजा स्वच्छ आणि कोरडा ठेवला तर पुढे सरकायला वेळ लागतो, एवढंच हातात.

पेटीत ठेवताना

वाजवण्याआधी चूळ भरा. लग्नघरचा चहा आणि सरबत, गणपतीतला मोदक, यातली साखर थेट नळीत जाते. वाजवून झालं की पाणी काढा, बाहेरची स्लाइड उतरवून दोन्ही पुसा, मगच पेटी बंद करा.

महिन्याच्या वर ठेवायचं असेल तर क्रीम लावून ठेवू नका. चौथी पायरी पूर्ण करा, कोरडं करा, आणि फडक्यावर पिस्टनच्या तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन आतल्या नळ्यांवर नुसता हात फिरवा. खाऱ्या हवेपासून तेवढा आडोसा पुरतो. बाहेर काढाल तेव्हा हे तेल पुसून मगच क्रीम.

पेटीचं अस्तर स्पंजसारखी ओल धरतं. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करता येतात, मात्र त्या तव्यात मग भाकरी नको. पेटी जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, आणि माळ्यावर सुकट किंवा मिठाची गोण असेल तर तिथेही नको. डांबराच्या गोळ्याही नकोत, याच नळीला तोंड लावायचंय. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पेटी उघडा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा, स्लाइड एकदा पूर्ण लांबीभर हलवून परत ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की रिकामी पेटी उघडी करून अंगणात तापवा.

कुठे थांबायचं

पूर्ण जाम झालेली स्लाइड असेल तर कुलूप उघडून, कमान खाली करून उभी टांगा. नळ्यांच्या मुळाशी दोन्हीकडे पिस्टनच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी दोन्ही आडव्या पट्ट्या धरून सरळ रेषेत ओढा, पिळायचं नाही. दोनदा प्रयत्न करून सुटली नाही तर तिसरा करू नका.

पोचा, पीळ, समांतरपणा, उडालेला मुलामा, सुटलेला डाख, यातलं काहीही निघालं की घरचं काम संपलं. तांबटाकडेही जाऊ नका. हंड्याचा पोचा तो उत्तम काढतो, पण इथे नळीच्या आत नेमक्या मापाचा पोलादी गज घालून बाहेरून हलक्या हाताने काम करावं लागतं, आणि भट्टीची आच लागली तर शेजारचे सगळे डाख वाहतात. वाद्यदुरुस्ती करणाराच हवा. मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत चौकशी करा. बँडची वाद्यं बनवणारे मेरठच्या जली कोठीत आहेत, नवी बाहेरची स्लाइड बनवून घ्यायची वेळ आली तर तिकडे विचारता येतं. मुलामा गेलेल्या आतल्या नळ्या बदलायचा खर्च आणि बाज्याची किंमत आधी ताडून बघा. स्वस्तातल्या बाज्याला तो खर्च परवडत नाही.

पाठवताना स्लाइड पेटीतच, कुलूप लावून, आणि दोन आतल्या नळ्यांच्या मध्ये दुमडलेला टॉवेल. पेटी एसटीच्या डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. सोबत चिठ्ठी ठेवा. कुठल्या पोझिशनला अडते, एकेकट्या नळ्या कशा गेल्या, आणि आजवर आत काय काय घातलं. खोबरेल घातलं असेल तर तेही लिहा.